अकरा पोरी आणि एक चुकलेला ‘न’

१

चूक पहिल्यांदा दाखवली ती सातवीतल्या एका पोरीनं. भगवानराव हेडमास्तरांनी तिला “गप बस” म्हणून हाकललं. खरं तर रहस्य तिथंच सुटलं होतं. पुढचे चार तास आम्ही शहाण्यासुरत्या माणसांनी वाया घालवले, त्याची ही गोष्ट.

खडकओढा हे आमच्या कडा गावापासून बारा किलोमीटरवरचं गाव. दिवाळी झाली की अर्धं गाव ट्रकात बसून ऊसतोडीला जातं. पोरं मागं राहावीत म्हणून शाळेतच वसतिगृह चालतं. कोण राहणार आणि कोण आईबापाबरोबर जाणार याची यादी निघते. नावापुढं ‘येथे राहणार’ असा शेरा असला, की पोराला गादी, ताट आणि शाळा. नसला तर ट्रक.

त्या दिवशी सकाळी नऊला यादी फळ्यावर लागली. चौसष्ट पोरं, त्यातल्या सव्वीस पोरी. अकरा पोरींपुढं शेरा होता, ‘सोबत जानार’.

मी अकराला पोचलो तेव्हा ओट्यावर ही गर्दी. मी म्हाळू. कड्यात कंप्युटर दुरुस्तीचं दुकान आहे. मला ऑपरेटर राजश्रीनं फोन केला होता, “दादा, या लवकर, माझी मान अडकली.”

गर्दीत भिवराबाई उभी होती, कडेवर आठ महिन्यांचं पोरगं. शेजारी तिची ज्ञानेश्वरी, हातात दप्तर.

“मास्तर, माझी पोरगी ऱ्हाणार म्हणून आमी अंगठा दिलाय,” भिवराबाई म्हणाली. “आमचा ट्रक चारला हाय. नाव न्हाई म्हणल्यावर पोरीला कुणाच्या दारात ठिवू?”

“कंप्युटरमध्ये जे आहे ते आहे, बाई.”

“कंप्युटरला काय ठावं माझी पोरगी कुठं ऱ्हाणार ते!”

ज्ञानेश्वरीनं फळ्यावर बोट ठेवलं. “सर, ‘जाणार’मधला ‘ण’ चुकलाय. अन् माझ्या नावापुढं बैल लिवलेत.”

मी वाकून बघितलं. बाकी दहा जणींपुढं ‘सोबत जानार’ होतं. हिच्यापुढं होतं, ‘दोन बैल सोबत जानार’.

मागं कुणीतरी फिसकन हसलं.

“गप बस!” मास्तर ओरडले. “शुद्धलेखन शिकवते मला! तीनला यादी वर जाते. राजश्रीनं चेष्टा केलीय, तिची तक्रारही सोबतच जाईल.”

पोरगी गप बसली. मला मात्र ते दोन बैल काही सोडेनात.

२

राजश्री कंप्युटरसमोर बसली होती. डोळे लाल, पण आवाज ठणठणीत.

“मी कशाला बैल लिहू, दादा? मला काय वेड लागलंय?”

“पासवर्ड कुणाकुणाला माहीत आहे?”

तिनं भिंतीकडं बोट केलं. कॅलेंडरखाली खडूनं पासवर्ड लिहिला होता. मोठ्या अक्षरात. मी कपाळावर हात मारला.

“कुणी लिहिला?”

“सरांनी. विसरतात म्हणून.”

“म्हणजे गावातलं शेंबडं पोरगंही यादी उघडू शकतं. बरं. काल यादीचं काय काय केलं ते सांग. एकेक.”

तिनं सांगितलं. काल सकाळी यादी करून वर पाठवली. ती दुपारी परत आली, कारण पोरींच्या नावाआधी ‘कु.’ लिहिलेलं. संक्षिप्त रूप चालणार नाही, पूर्ण ‘कुमारी’ लिहा. संध्याकाळी तिनं दुपारपासून चालूच असलेल्या एडिटरमध्ये यादी उघडली, ‘शोधा-बदला’ दाबलं, सगळ्या ‘कु.’चं एका झटक्यात ‘कुमारी’ केलं, छापलं आणि घरी गेली.

“छापलेलं वाचलं न्हाईस?”

“सव्वीस ठिकाणी ‘कुमारी’ झालंय का तेवढं बघितलं. शेऱ्याला तर मी हातच लावला नव्हता, दादा. हात न लावलेलं कोण कशाला तपासंल?”

मीही तपासलं नसतं.

एडिटरचं नाव ‘दौत’. मराठी मजकूर लिहायचं फुकटातलं सॉफ्टवेअर. साधं, सुटसुटीत, आमच्याकडं बऱ्याच शाळांत आहे. मी स्क्रीन बघितली. उजव्या कोपऱ्यात खाली काळी चिकटपट्टी लावलेली, चार बोटं लांब.

“हे काय?”

“तडकलाय कोपरा. सर म्हणाले, सुट्टीत पडला.”

मी मान डोलावली नि पुढं गेलो. माझ्या आयुष्यातला हा एक मोठा गाढवपणा.

“आणखी एक,” मी विचारलं. “तुझ्या यादीत जी पोरं खरंच आईबापाबरोबर जाणार आहेत, त्यांच्यापुढं काय शेरा आहे?”

तिनं दाखवलं. ‘पालकांसह स्थलांतर’. नऊ पोरांपुढं तेच, नीट, शुद्ध.

“मग हे ‘सोबत जानार’ कुणाचे शब्द?”

“माझे न्हाईत,” ती म्हणाली.

३

वसतिगृहाच्या चुलीपाशी साखराबाई भाकरी थापत होती. स्वयंपाकीण. तिला लिहिता-वाचता येत नाही, पण भिंतीवर काल सकाळची यादी भाताच्या शितानं चिकटवलेली.

“मोजाया,” ती म्हणाली. “एका पोराला दोन भाकरी. राजश्री तायडीनं खुणा करून दिल्यात.”

त्या यादीत ज्ञानेश्वरीपुढं स्वच्छ ‘येथे राहणार’ होतं. अकराही जणींपुढं तेच.

मी कागद उपटून मास्तरांपुढं नेला. त्यांनी चष्मा वर केला.

“ही नामंजूर झालेली यादी. हिला अर्थ नाही.”

“अहो, नामंजूर ‘कु.’मुळं झाली! शेरे खरे आहेत!”

“कंप्युटरमधली शेवटची ती खरी. नियम आहे.”

या माणसाला काय म्हणावं? मी चुलीपाशी परत आलो. साखराबाईनं तव्यावरची भाकरी उलटली, आवाज खाली आणला.

“मास्तर दसऱ्याला म्हणले होते बरं का. पोरी कमी असत्या तर बरं. पोरींना अलग खोली लागती, राखायला बाईमाणूस लागतं. डोक्याला ताप.”

“असं म्हणाले?”

“माझ्यासमोर. मी खोटं कशाला बोलू, लेकरा? मला का मास्तर व्हायचंय?”

हेतू मिळाला. पासवर्ड तर मास्तरांच्याच हातचा. मी तावातावानं ऑफिसकडं निघालो, तर अर्ध्या वाटेत ज्ञानेश्वरी आडवी आली.

“काका, सर शुद्धलेखनाला लई कडक हायेत. ‘ण’ चुकला की वहीवर रेघ मारत्यात. ते ‘जानार’ लिवणार न्हाईत.”

मी जागच्या जागी थांबलो. पोरीचं म्हणणं बरोबर होतं. मास्तर एक वेळ खोटं लिहितील, अशुद्ध लिहिणार नाहीत.

“मग कोण लिहील गं?”

“जो बोलतो तसंच लिवतो, तो,” ती म्हणाली. “अन् ज्याच्याकडं बैल हायेत.”

४

बन्सी मुकादम पारावर होता, टोळीची भांडीकुंडी ट्रकात चढवून घेत. त्याची टोळी बैलगाडीवाली. गावात सकाळपासून त्याच्याच नावानं खडे फुटत होते. पोरी सोबत आल्या की कारखान्याजवळच्या तळावर लहान लेकरं त्या सांभाळतात, आणि आयांना दिवसभर उसात उभं करता येतं. बन्सीला त्यात फायदाच.

“काल शाळेत गेलतास?” मी विचारलं.

“गेलतो की. दुपारी. टोळीची यादी टाईप केली. कारखान्याला द्यायची होती. राजश्रीबाई म्हणल्या बसा, मग दोन बोटांनी तासभर बसलो ठोकत.”

“दाखव.”

त्यानं खिशातून कागद काढला. प्रत्येक नावापुढं दोनपैकी एक शेरा. आधी जाणाऱ्यांना ‘सोबत जानार’. उशिरा येणाऱ्यांना ‘मागून येनार’. आणि मध्ये एका नावापुढं, ‘दोन बैल सोबत जानार’.

पाराखालचे लोक गोळा झाले. कुणीतरी म्हणालं, “घावला!”

“काय घावला बे?” बन्सी उठला. “काय केलं मी?”

मी शाळेची यादी त्याच्या हातात दिली. “तुझे शब्द. तुझा ‘न’. तुझे बैल. पोरींच्या नावापुढं कसे गेले?”

त्यानं वाचलं. ओठ हलवत, हळूहळू. चौथ्या नावावर आला आणि खालीच बसला.

“ही सुनंदा,” तो म्हणाला. “सुनंदा ऊर्फ छकुली. माझ्या सख्ख्या भावाची, अनिलची. ती सकाळी दहाच्या ट्रकात गेली की रे! अनिल म्हणला, नाव न्हाई निघालं, चल आता. पोरगी रडत चढली. मीच हाताला धरून चढवली.”

पाराखालचे लोक मागं सरकले.

“म्हाळू, मी माझ्याच भावाची पोर उसात घालीन व्हय?”

शब्द त्याचे होते आणि हात त्याचा नव्हता. माझं डोकं सटकायची वेळ आली होती. दीड वाजला होता.

५

मी ओट्यावर बसलो आणि दोन कागद शेजारी ठेवले. अकराच का? सव्वीस पोरींपैकी पंधरा सुखरूप कशा? ज्याला पोरी नकोत त्यानं सगळ्याच पुसल्या असत्या. ज्याला वैर काढायचं त्यानं एका घराची काढली असती. इथं तर सगळ्या जातीची, सगळ्या आळीची, दोन्ही पार्ट्यांची घरं होती.

ज्ञानेश्वरी ऊर्फ माई. सुनंदा ऊर्फ छकुली. रुक्मिणी ऊर्फ पिंकी.

मी सगळी अकरा नावं वाचली. प्रत्येकीत ‘ऊर्फ’. उरलेल्या पंधरांत एकही नाही.

“राजश्री! पोरांतही ऊर्फवाले असतील ना?”

“चार हायेत.”

“त्यांचे शेरे?”

“ठीक हायेत.”

म्हणजे नुसतं ऊर्फ नाही, आणि नुसती पोरगीही नाही. ‘कु.’ होतं आणि ऊर्फही होतं, तीच पोरगी बुडाली. कुठल्या माणसाचा राग असा असतो? माणूस जात बघतो, घर बघतो, जमीन बघतो. नावाची लांबी बघून कोण डूख धरतं?

मी उठलो. “कालची नामंजूर यादी सरांच्या फोनवर असेल, ती घे. आणि आधी दुसरी कुठलीही फाईल उघड.”

“कुठली?”

“कुठलीही!”

तिनं घाबरून पहिली सापडली ती उघडली. गावातल्या एका लग्नाची पत्रिका. मी ती खालपर्यंत फिरवली, बंद केली. मग जुनी यादी उघडली. सगळे शेरे नीट. शोधा ‘कु.’, बदला ‘कुमारी’. मी मास्तरांना हाक मारली, बन्सीला हाक मारली, आणि सगळ्यांसमोर बटण दाबलं.

राजश्रीनं तोंडावर हात ठेवला.

स्क्रीनवर लिहिलेलं होतं: कुमारी ज्ञानेश्वरी ऊर्फ माई हनुमान गर्जे, इयत्ता सातवी, कृपया आहेर आणू नये.

खाली रुक्मिणीपुढं, मांडव परतणे दुसऱ्या दिवशी. सुनंदापुढं, आमच्या छोट्या काकाच्या लग्नाला यायचं हं.

बन्सी आधी हसला, मग एकदम थांबला. मास्तरांचा चेहरा पांढरा झाला, आणि त्यांची नजर गेली ती स्क्रीनच्या उजव्या कोपऱ्याकडं. काळ्या चिकटपट्टीकडं.

ती नजर मी पकडली. नख घातलं आणि पट्टी ओढली.

काच धड होती. साधा चरासुद्धा नव्हता. पट्टीखाली लाल चौकट लुकलुकत होती: ‘सावधान. या आवृत्तीत मेमरीचा दोष सापडला आहे. शोधा-बदला वापरल्यास बंद केलेल्या फायलीतील मजकूर मिसळू शकतो. परक्या माणसाने पाठवलेल्या फायलीतून तुमच्या संगणकात शिरकावही होऊ शकतो. नवी आवृत्ती ताबडतोब घ्या.’

खाली तारीख. आठ महिन्यांपूर्वीची.

६

“मला समजंल असं सांग,” बन्सी म्हणाला.

“तुला तर सगळ्यात आधी समजेल. कारखान्याच्या तळावर कोप्या असतात ना, चटईच्या झोपड्या? कंप्युटरची मेमरी म्हणजे तसाच तळ. एकेक ओळ म्हणजे एकेक कुटुंब, आपापल्या कोपीत. काल दुपारी तुझी यादी तळावर उतरली. तू फाईल बंद केलीस, कुटुंबं गेली, कोप्या रिकाम्या झाल्या. पण सामान तिथंच पडून. दौत कोपी झाडत नाही.”

“बरं.”

“संध्याकाळी राजश्रीची यादी उतरली. तिनं ‘कु.’चं ‘कुमारी’ केलं, म्हणजे घरात माणसं वाढली. साध्या नावाच्या पोरी आपल्याच कोपीत दाटीवाटीनं मावल्या. ज्यांच्या नावात ऊर्फ, त्यांची कोपी आधीच गच्च. दौतनं त्यांना नवी कोपी दिली. कुठली?”

“माझ्या माणसांनी सोडलेली.”

“तीच. आता बिऱ्हाड हलवायचं, तर गाठोडी मोजावी लागतात. मराठी अक्षर कंप्युटरच्या आत इंग्रजी अक्षराच्या तिप्पट जागा खातं. दौत लिहिणाऱ्यांनी वाढलेली अक्षरं मोजली, त्यांची जागा मोजली नाही. हिशेब कमी पडला, शेवटचं गाठोडं मागंच राहिलं. ओळीतलं शेवटचं गाठोडं म्हणजे शेरा. नव्या कोपीत त्या कोपऱ्यात तुझं गाठोडं पडलेलं होतं. दौतनं तेच पोरीचं म्हणून छापलं. ज्ञानेश्वरीच्या वाट्याला आलेल्या कोपीत तुझे बैल होते.”

“अन् मराठीत लिवायच्या सॉफ्टवेअरला मराठी अक्षर किती मोठं ते ठावं न्हाई?”

“न्हाई.”

“घ्या!” बन्सी म्हणाला.

मी मास्तरांकडं वळलो. “बनवणाऱ्यांनी चूक केली. पण आठ महिन्यांपूर्वी कबूल केली, दुरुस्त केली, रोज सकाळी लाल दिवा लावून सांगितली. तुम्ही काय केलं?”

“ते सारखं लुकलुकायचं,” मास्तर म्हणाले. “पाहुणे आले की बरं दिसत नव्हतं. आणि चालू मशीनला हात लावू नये.”

“मग पट्टी लावली.”

“पट्टी लावली.”

काय बोलणार? चोर असता तर दोन शिव्या देता आल्या असत्या. डाव असता तर उलटवता आला असता. इथं गुन्हेगार कोण, तर चार बोटं काळी चिकटपट्टी आणि ‘चालतंय की’. आमच्याकडं पूल पडतो तोही याच दोन शब्दांनी.

मी फोनवरून नेट जोडलं. नवी आवृत्ती उतरायला सहा मिनिटं लागली. आठ महिन्यांचं काम सहा मिनिटांत. पुन्हा पत्रिका उघडली, बंद केली, ‘कु.’चं ‘कुमारी’ केलं. अकराच्या अकरा, ‘येथे राहणार’. राजश्रीनं या वेळी चौसष्ट ओळी बोट ठेवून वाचल्या. मास्तरांनी मुकाट्यानं सही केली, यादी वर गेली. राजश्रीवरच्या तक्रारीचा कागद मीच त्यांच्या टेबलावरून उचलला आणि साखराबाईच्या चुलीत घातला.

तीनला पाच कमी होते. तेवढ्यात बाहेर हॉर्न वाजला.

“आमचाच निघाला,” बन्सी म्हणाला. “ड्रायव्हर चारपर्यंत थांबतो म्हणलता!”

७

फाट्याजवळ ट्रक गाठला. बन्सी माझ्या गाडीवर मागं, ड्रायव्हरला शिव्या देत. ट्रक थांबला. वर गोणपाटं, पेंड्या, कोयते, माणसं. त्यांच्या मधोमध ज्ञानेश्वरी, मांडीवर धाकटा भाऊ, दप्तर पाठीशी.

मी कागद वर केला. “भिवराबाई, पोरगी उतरव! नाव आलं!”

“आता काय लिवलंय?” भिवराबाई खालीच बघेना. “सकाळपास्नं तीनदा लिवलं तुमी लोकांनी. मला वाचता येत न्हाई, म्हणून काय बी सांगताय.”

तिचं चुकत नव्हतं. मी कागद सरळ पोरीच्या हातात दिला.

तिनं भावाला आईकडं दिलं. वाचलं, मोठ्यानं. “कुमारी ज्ञानेश्वरी ऊर्फ माई हनुमान गर्जे. इयत्ता सातवी. येथे राहणार.” मग कागद डोळ्यांजवळ धरला. “‘ण’ बरोबर हाय, आई.”

भिवराबाईनं तिच्या तोंडावरून हात फिरवला आणि दप्तर खाली टाकलं. पोरगी चाकावर पाय ठेवून उतरली.

मी सुटकेचा श्वास घेणार, तोच ती पुन्हा कागदात वाकली. बोट चौथ्या ओळीवर.

“काका, हितं सुनंदापुढं बी ‘येथे राहणार’ हाय.”

“हो मग. तिचंही दुरुस्त केलं.”

“पण ती तर सकाळीच गेली.” पोरगी माझ्याकडं बघत होती, वर्गात सरांकडं बघितलं असेल तशीच. “मग यादी अजून चुकलेलीच हाय की.”

गप बस म्हणायला माझी जीभ उचलली नाही. मी बन्सीकडं बघितलं. त्यानं आधीच फोन कानाला लावला होता.

“अनिल? कुठवर गेलाव रं? ... गाडी बाजूला घी. आहे तिथं थांबीव. मी निघालो. एक पोरगी उतरवून घ्यायचीय.”